थंड वायूचा गरम हिशेब

वाचकहो, ‘गॅस’ हा शब्द आता आपल्या घरात इतका मुरला आहे की तो परका आहे, असे कुणाला वाटतही नाही. “गॅस बारीक कर”, “गॅसवर दूध आहे, लक्ष ठेव”, ही वाक्ये दिवसातून दहादा आपल्या कानांवर पडतात. पण बरं का, गॅसगॅसमध्येही फरक असतो. लाल सिलिंडरमध्ये भरून येतो तो प्रोपेन आणि ब्युटेन या वायूंचे मिश्रण. नुसत्या दाबाने त्याचे पाणी होते, म्हणून तर तो सिलिंडरात मावतो. मुंबई-पुण्यात नळाने घरोघर जातो आणि रिक्षा-टॅक्सीत भरतात, तो वायू निराळा. तो मुख्यतः मिथेन. जमिनीच्या आणि समुद्राच्या पोटातून निघणारा नैसर्गिक वायू म्हणतात तो हाच. आणि हा मोठा हट्टी आहे. साध्या तापमानाला तुम्ही त्याला कितीही दाबा, त्याचे पाणी म्हणून होत नाही.

हा हट्ट एकाच उपायाने मोडतो, तो म्हणजे थंडी. आणि थंडी तरी केवढी! पाणी गोठते शून्य अंशाला. मिथेन द्रवरूप होतो शून्याच्या खाली १६२ अंशांवर. एवढा गारवा दिला की सुमारे ६०० घनमीटर वायू आक्रसून एका घनमीटरच्या टाकीत बसतो. रंग नाही, वास नाही, वजनाला पाण्याच्या निम्म्याहूनही कमी. यालाच द्रवरूप नैसर्गिक वायू किंवा इंग्रजी आद्याक्षरांनी एल.एन.जी. म्हणतात.

आता तुम्ही विचाराल, हा एवढा खटाटोप कशासाठी? त्याचे कारण भूगोलात आहे. वायू निघतो कतारमध्ये, ऑस्ट्रेलियात, अमेरिकेच्या आखाती किनाऱ्यावर. आणि लागतो जपानला, युरोपला, आपल्याला. मुंबई हायच्या समुद्रातून आपला स्वतःचा वायू उरणला येतो खरा, पण देशाची गरज त्याने भागत नाही. अलीकडच्या वर्षांत आपण वापरतो त्यापैकी जवळजवळ निम्मा वायू परदेशातून येतो. समुद्रतळावरून हजारो मैल नळ टाकणे प्रत्येक ठिकाणी जमत नाही. म्हणून वायूचे पाणी करायचे, ते जहाजात भरायचे आणि आपल्या किनाऱ्यावर आणून पुन्हा त्याचा वायू करायचा.

ही युक्ती अगदी काल-परवाची नाही. १९५९ साली ‘मिथेन पायोनियर’ नावाचे जहाज अमेरिकेतील लुइझियानाहून निघून लंडनजवळच्या कॅन्व्ही बेटावर सुखरूप पोहोचले. दुसऱ्या महायुद्धातल्या एका जुन्या मालवाहू जहाजाचेच हे रूपांतर होते. त्याच्या थोडेच आधी, १९५२ च्या डिसेंबरात, कोळशाच्या धुराने लंडनमध्ये हजारो माणसे दगावली होती. बिनधुराचे इंधन जहाजाने आणता येते, ही बातमी तेव्हा किती मोलाची वाटली असेल, याची कल्पना करा. १९६४ पासून अल्जीरियातल्या आर्झ्यू बंदरातून नियमित व्यापार सुरू झाला. आपल्याकडे पहिले जहाज गुजरातमधील दहेजला लागले ते २००४ साली, कतारहून. दहेजची क्षमता तेव्हा वर्षाला ५० लाख टन होती; २०१९ पर्यंत ती १७५ लाख टनांवर गेली.

मग या वायूत वाईट ते काय? चुलीशी उभे राहून पाहिले तर काहीच नाही. ज्योत निळी, भांड्याला काजळी नाही, राख नाही, गंधकाचा त्रास जवळजवळ नाही. कोळशावर वीज करताना जेवढा कार्बन डायॉक्साइड हवेत जातो, त्याच्या साधारण निम्माच या वायूवर वीज करताना जातो. हे सारे खरे आहे. परंतु आपल्याकडे म्हणतात ना, दिव्याखाली अंधार! निळी ज्योत हा एका लांबलचक साखळीचा शेवटचा दुवा आहे. तिची स्वच्छता मोजायची, तर आधीचे सगळे दुवे हाती घेऊन पाहिले पाहिजेत. चला, विहिरीपासून निघू.

पहिला दुवा विहिरीचा आणि तिथून निघणाऱ्या नळांचा. दुसरा दुवा वायू थंड करण्याच्या कारखान्याचा. हा कारखाना म्हणजे एक अवाढव्य रेफ्रिजरेटर समजा. त्याचे यंत्र चालवायला इंधन लागते आणि ते त्याच वायूतून घेतले जाते. येणाऱ्या वायूपैकी साधारण आठ ते दहा टक्के इथेच खर्ची पडतो. म्हणजे तुमच्या चुलीपर्यंत पोहोचण्याआधीच त्याचा धूर दुसऱ्या कुणाच्या तरी आकाशात गेलेला असतो.

तिसरा दुवा जहाजाचा. एका मोठ्या जहाजात सुमारे १,७०,००० घनमीटर द्रव मावतो. त्याचा पुन्हा वायू केला, तर तो दहा कोटी घनमीटर भरेल. जहाजाच्या टाक्या म्हणजे प्रचंड थर्मासच. पण थर्मासमधला चहाही हळूहळू निवतो. तसाच इथला गार द्रव बाहेरच्या उष्णतेने हळूहळू उकळतो. दिवसाला हजारात एक भाग उकळला, असे धरा. एवढ्याशा वाटणाऱ्या भागाचा वायू एक लाख घनमीटर होतो! तो कोंडून ठेवला तर टाकी फुटेल. म्हणून नव्या जहाजांत तो इंजिनातच जाळतात किंवा थंड करून परत टाकीत सोडतात. काही इंजिनांतून मात्र थोडा मिथेन न जळताच धुराड्यातून निसटतो.

चौथा दुवा आपल्या किनाऱ्यावरचा. इथे जहाजासाठी धक्का असतो, द्रव साठवायला टाक्या असतात. टाकीची आतली भिंत नऊ टक्के निकेल घातलेल्या पोलादाची आणि बाहेरची काँक्रीटची. निकेल का? तर साधे पोलाद इतक्या थंडीत काचेसारखे तडकते. १९४४ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात अशीच एक टाकी फुटली. त्या टाकीच्या पोलादात निकेल होते, पण कमी, साडेतीन टक्के. द्रव रस्त्यावर आणि गटारांत वाहिला, पेटला आणि सुमारे १३० माणसे प्राणास मुकली. आजचे कडक नियम अशा राखेतून उगवले आहेत. तरीही २००४ मध्ये अल्जीरियातील स्किक्दा येथील कारखान्यात स्फोट होऊन २७ माणसे गेली. तेव्हा धोका संपला असे नाही. तो आवाक्यात ठेवला आहे, एवढेच म्हणता येईल.

टाकीतला द्रव पुन्हा वायू करायचा म्हणजे त्याला ऊब द्यायची. ती कुठून आणायची? सगळ्यांत स्वस्त ऊब समुद्राची. समुद्राचे पाणी उपसून ते नळ्यांवरून खाली सोडतात, आतला द्रव उकळतो आणि पाच-सात अंशांनी गार झालेले पाणी परत समुद्रात जाते. कागदावर हे किती निर्मळ दिसते! पण समुद्राचे पाणी म्हणजे नुसते मीठ-पाणी नव्हे. त्यात माशांची अंडी असतात, कोळंबीची डोळ्यांना न दिसणारी पिल्ले असतात. पंपातून जाताना त्यांतली पुष्कळशी मरतात. शिवाय नळ्यांत शिंपले आणि कालवे धरू नयेत म्हणून पाण्यात क्लोरीन मिसळतात. तेही समुद्रात जाते. २००६ साली अमेरिकेतील लुइझियानाच्या गव्हर्नर कॅथलीन ब्लँको यांनी समुद्रातल्या एका नियोजित प्रकल्पाला याच कारणासाठी नकार दिला. कंपनीने पद्धत बदलली आणि मग परवानगी मिळवली. जर्मनीत २०२२ च्या डिसेंबरात विल्हेल्म्सहाफेन येथे तरंगता प्रकल्प घाईने सुरू झाला, तेव्हाही वाद पेटला तो या क्लोरीनवरूनच.

म्हणजे दुसरा मार्ग नाही असे मुळीच नाही. दहेजला हवेच्या उबेचा उपयोग करून घेतला आहे. आपल्या उष्ण देशात हवेला ऊब काही कमी नाही! जपानमध्ये तर हा गारवा फुकट घालवत नाहीत. हवेतून ऑक्सिजन आणि नायट्रोजन वेगळे काढायला आणि शीतगृहे चालवायला तो वापरतात. सांगायचे इतकेच की, किनाऱ्यावरचे नुकसान हे विधिलिखित नसते. कुणी तरी स्वस्तातला मार्ग निवडतो आणि त्याची किंमत दुसराच कुणी तरी मोजतो. बहुधा तो दुसरा माणूस जाळे घेऊन समुद्रावर जाणारा असतो. जहाज जवळ असताना त्याच्या होडीला त्या पाण्यात मज्जाव. जहाजासाठी खाडीचा गाळ उपसला की त्याची मासे धरण्याची जागा गढूळ. खारफुटी तोडली की माशांचे पाळणाघरच मोडले.

आता येतो या साखळीतला सर्वांत मोठा प्रश्न, गळतीचा. पाणी गळले तर ओल दिसते, तेल गळले तर डाग पडतो. मिथेन गळला तर ना डाग, ना ओल, ना वास. घरच्या गॅसला वास येतो तो मुद्दाम मिसळलेल्या द्रव्याचा, हे आपल्याला ठाऊकच आहे. हा न दिसणारा मिथेन हवेत गेला की उष्णता धरून ठेवतो. वजनास वजन धरले, तर २० वर्षांच्या काळात तो कार्बन डायॉक्साइडच्या ८० पटींहून अधिक ऊब धरतो. १०० वर्षांचा काळ घेतला तर सुमारे ३० पट. दोन आकडे का? तर मिथेन हवेत साधारण १२ वर्षे टिकतो आणि कार्बन डायॉक्साइड शतकानुशतके. मिथेन म्हणजे कडक ताप. येतो झपाट्याने, उतरतोही लवकर. पण तापात माणूस दगावू शकतो, हे विसरून कसे चालेल?

एक साधा हिशेब करून पाहू. कागद-पेन्सिल घ्या. समजा, विहिरीतून १०० टन मिथेन निघाला आणि वाटेत ३ टन गळला. उरलेले ९७ टन जळले. एक टन मिथेन जळला की पावणेतीन टन कार्बन डायॉक्साइड तयार होतो, म्हणजे झाले सुमारे २६७ टन. आणि गळलेले ३ टन? २० वर्षांच्या हिशेबाने ते सुमारे २४६ टन कार्बन डायॉक्साइडच्या तोडीचे ठरतात. म्हणजे शंभरात तीन भाग गळले आणि नुकसान जवळजवळ दुप्पट झाले! कोळशाच्या निम्मा म्हणून ज्याची आपण स्तुती केली, त्याचा तो निम्मेपणा वाटेतच सांडून गेला. कोळशाच्या खाणींतूनही मिथेन निघतो, हे न्यायाने सांगितले पाहिजे. म्हणून कोळसा काही निर्दोष ठरत नाही. पण वायूचे सोवळेपण त्याच्या ज्योतीत नसून त्याच्या नळांच्या सांध्यांत आहे, हे या हिशेबावरून पटावे.

तीन टक्के हा आकडा काही हवेतून काढलेला नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या संशोधनात अमेरिकेतील वायूची गळती एकूण उत्पादनाच्या २.३ टक्के भरली. सरकारी अंदाजापेक्षा ती पुष्कळच अधिक होती. चांगली गोष्ट अशी की, ही गळती आता पकडता येते. उष्णतेची किरणे टिपणारे कॅमेरे ती दाखवतात. २०१७ साली सोडलेल्या सेंटिनेल-५पी या युरोपीय उपग्रहावरील उपकरण मोठ्या गळत्या आकाशातून टिपते. आणि गळती थांबवणे हे काही चंद्रावर जाण्याइतके अवघड काम नाही. झडप बदलायची, सांधा आवळायचा, जास्तीचा वायू हवेत न सोडता परत नळात घालायचा. वाचलेला वायू विकताही येतो. युरोपीय संघाने २०२४ साली कायदा करून बाहेरून येणाऱ्या वायूलाही मोजमापाची अट घातली. ‘तुमच्याकडे किती गळतो ते आधी दाखवा’, असे ग्राहकाने म्हणण्याचा हा प्रकार झाला. आपणही मोठे ग्राहक आहोत. हा प्रश्न आपल्यालाही विचारता येईल.

गळतीइतकाच महत्त्वाचा, पण कमी बोलला जाणारा विषय म्हणजे काळ. असा प्रकल्प म्हणजे चार दिवसांचा मांडव नव्हे. तो तीस-चाळीस वर्षे उभा राहतो आणि त्याच्यामागे लांब मुदतीचे करार असतात. कतारशी आपला २५ वर्षांचा करार १९९९ साली झाला. २०२४ मध्ये त्याची मुदत २०४८ पर्यंत वाढवण्यात आली. आज बांधलेली टाकी आपल्या नातवंडांचे इंधन ठरवते, ते असे. आणि इंधन बाहेरचे म्हटले की त्याची किंमतही बाहेरची. आशियाच्या मोकळ्या बाजारात २०२० साली दहा लाख बी.टी.यू. या मापाला दोन डॉलरच्याही खाली गेलेला भाव २०२२ साली, युक्रेनच्या युद्धानंतर, सत्तर डॉलरच्या वर गेला होता. श्रीमंत युरोपने जहाजे आपल्याकडे वळवली आणि पाकिस्तान व बांगलादेश यांच्या वाट्याला अंधार आला.

ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. रत्नागिरी जिल्ह्यात, जिथे वाशिष्ठी समुद्राला मिळते, तिथे दाभोळचा प्रकल्प आहे. नाव दाभोळचे, पण जागा खाडीच्या अलीकडची, गुहागर तालुक्यातल्या अंजनवेलची. १९९० नंतरच्या काळात एन्रॉन या अमेरिकन कंपनीच्या पुढाकाराने तो आला. ओमान आणि अबू धाबी येथून द्रवरूप वायू आणायचा, त्यावर दोन हजारांहून अधिक मेगावॅट वीज करायची आणि ती राज्य वीज मंडळाने घ्यायची, असा बेत होता. वीज घेतली नाही तरी स्थिर आकार द्यायचा, आणि दराची सांगड डॉलरशी! मासे आणि पाणी यांची काळजी करणाऱ्या वेलदूरसारख्या गावांतून विरोध झाला. १९९७ साली तिथे पोलिसी कारवाई झाली, अटका झाल्या आणि आंतरराष्ट्रीय मानवी हक्क संघटनांना त्यावर अहवाल लिहावे लागले. १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला, पण वायूवर नव्हे तर नाफ्त्यावर. कारण वायूचा धक्का तयारच नव्हता. वीज महाग पडली, २००१ मध्ये मंडळाने ती घेणे थांबवले, प्रकल्प बंद पडला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस एन्रॉनचे दिवाळे निघाले.

पुढे सरकारी कंपन्यांनी प्रकल्प हाती घेतला आणि २०१३ च्या जानेवारीत वायूचे केंद्र अखेर चालू झाले. तरी दर्याने आपला हिशेब मागितलाच. लाटा अडवणारा बांध अपुरा राहिल्यामुळे पावसाळ्यात जहाज धक्क्याला लागेना. वर्षाला ५० लाख टनांचे केंद्र, पण अनेक वर्षे त्यातून जेमतेम २९ लाख टनांचे काम होऊ शकत होते. कोळी पावसाळ्यात होड्या ओढून घेतो आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा लोटतो. परदेशी जहाजांनाही या किनाऱ्यावर तोच नेम पाळावा लागला. ज्या गावकऱ्यांना हा समुद्र ठाऊक होता, त्यांना आधी विचारले असते, तर निदान एवढे तरी कळले असते!

मग वायू नकोच म्हणायचे काय? असे घाईने म्हणता येणार नाही. थळच्या कारखान्यातले खत या वायूपासून होते. मुंबईच्या रस्त्यावर डिझेलच्या धुरापेक्षा वायूवर चालणारी बस फुप्फुसांना सुसह्य आहे. जिथे तो कोळशाला खरोखर हटवतो, जिथे त्याची गळती मोजली आणि आवरली जाते, तिथे त्याचा काही काळ उपयोग आहे. पण जिथे सूर्य आणि वारा यांची वीज तेच काम करू शकते, तिथे चाळीस वर्षांचे नवे ओझे किनाऱ्यावर घालण्याआधी दहादा विचार करायला हवा. आपल्या देशाने २०७० पर्यंत हवेतील भर शून्यावर आणण्याचे २०२१ साली जाहीर केले आहे. तो शब्द आणि ही बांधकामे यांचा मेळ बसला पाहिजे.

आणि हा विचार केवळ दिल्ली-मुंबईच्या कचेऱ्यांतच व्हावा असे नाही. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे अशा मोठ्या प्रकल्पांच्या परवानगीआधी सर्वसाधारणपणे जनसुनावणी घ्यावी लागते. तुमच्या तालुक्यात तशी वेळ आली तर जरूर जा. आणि “विकास हवा की नको” या घोषणेच्या भांडणात न पडता चार साधे प्रश्न विचारा. वायू कुठून येणार आणि वाटेत किती गळतो, हे कुणी मोजले आहे का? द्रवाला ऊब समुद्राची देणार की हवेची, आणि समुद्रात परत काय सोडणार? होड्यांना किती दिवस आणि किती अंतरापर्यंत बंदी असणार, आणि त्याची भरपाई कोण देणार? करार किती वर्षांचा, आणि वायू नको झाला तर पैसे कुणी भरायचे?

हे प्रश्न विचारायला शास्त्रज्ञ असावे लागत नाही. घरात गॅसचा वास आला की आपण काय करतो? काडी ओढत नाही. आधी खिडकी उघडतो, शेगडीची कळ बघतो, नळी तपासतो. तेवढीच सावधगिरी विहिरीपासून चुलीपर्यंतच्या साऱ्या वाटेवर पाळली जावी, हे मागणे काही जास्तीचे नाही.